एकटीला बसने पाठवता येईल का?

विशेष शाळेच्या पालकसभेत शेवटी एक प्रश्न हमखास येतो: "आमच्यानंतर हिचं कसं होणार?" एवढ्या मोठ्या प्रश्नाला दोन वाक्यांत कोणी उत्तर देऊ शकत नाही. पण त्याच्या पोटात अनेक लहान प्रश्न दडलेले असतात आणि त्यांतल्या काहींना उत्तरं आहेत. समजा, मुंबईतली एक मुलगी बावीस वर्षांची झाली. ती एका कार्यशाळेत कागदी पिशव्या बनवायला जाते. काम तिला आवडतं. पण सकाळी आई तिला बसने सोडायला जाते आणि संध्याकाळी पुन्हा आणायला. आईचा निम्मा दिवस त्यातच जातो आणि आईला ताप आला की मुलीचीही सुट्टी होते. तर या मुलीला एकटीला बसने पाठवता येईल का?

बौद्धिक अक्षमता सौम्य किंवा मध्यम असलेल्या पुष्कळ माणसांच्या बाबतीत उत्तर 'हो' असं आहे. मात्र ते एका ठरलेल्या वाटेपुरतं असतं आणि त्यामागे काही आठवड्यांची, कधी महिन्यांची शिकवणी असते. काहींना सोबत कायमची लागते, काहींना अर्ध्या वाटेपर्यंत. कोणाला किती लागेल हे शिकवायला घेतल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे शिकवायला घेण्याआधीच बहुतेक घरांत निकाल लागलेला असतो, याचं मला फार वाईट वाटतं. या प्रकरणात आपण हीच मुलगी डोळ्यांपुढे ठेवून चालू. ती काल्पनिक आहे, पण तिच्या वाटेतल्या अडचणी खऱ्या आहेत.

१. अवघड नेमकं काय जातं?

आपल्या २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नोंदवले आहेत. बौद्धिक अक्षमता हा त्यांतला एक. कायद्याची व्याख्या दोन गोष्टी एकत्र पाहते. पहिली म्हणजे विचार करणं, शिकणं, प्रश्न सोडवणं यांतल्या मर्यादा. दुसरी म्हणजे रोजच्या जगण्यातली कौशल्यं: कपडे घालणं, पैसे हाताळणं, माणसांशी बोलणं, रस्ता ओलांडणं. बुद्ध्यंकाचा आकडा पहिल्या गोष्टीबद्दलच काही सांगतो. बसने जाणं मोडतं दुसरीत. म्हणून "बुद्ध्यंक पन्नास आहे, म्हणजे बस जमणार नाही" हा हिशेब चुकीचा ठरतो. तेवढाच आकडा असलेल्या दोन मुलींपैकी एक रोज बाजारातून भाजी आणत असते आणि दुसरीने कधी जिनासुद्धा एकटीने उतरलेला नसतो.

मग अवघड काय जातं? एक तर लांबलचक तोंडी सूचना. "पुढच्या चौकात डावीकडे वळ, औषधाच्या दुकानासमोर उभी राहा, मोकळी बस आली तरच चढ आणि तिकीट नीट ठेव" या वाक्यात चार कामं आहेत. चौथं ऐकेपर्यंत पहिलं निसटलेलं असतं. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांत हे विशेष दिसतं. ऐकलेलं मनात धरून ठेवणं त्यांना जड जातं, पाहिलेलं लक्षात ठेवणं त्या मानाने सोपं.

दुसरी अडचण एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरण्याची. वर्गात नोटा बरोबर ओळखणारा मुलगा गर्दीच्या बसमध्ये कंडक्टरपुढे हात पसरून नुसता उभा राहतो. नोटा तो विसरलेला नसतो. मागून धक्का देणारी माणसं आणि हात पुढे केलेला कंडक्टर यांच्यामध्ये नोटा ओळखायला तो कधी शिकलेलाच नसतो.

तिसरी गोष्ट जरा सविस्तर समजून घ्यायला हवी. आपण शहरात फिरतो तेव्हा डोक्यात दोन प्रकारची माहिती असते. एक असते वाट: इथून सरळ, देवळापाशी उजवीकडे, मग तिसरी इमारत. दुसरा असतो नकाशा: कोणती जागा कोणत्या दिशेला, किती लांब. वाट बंद झाली की आपण नकाशावरून दुसरी काढतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्रान्समधल्या संशोधकांनी डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांना संगणकावरच्या आभासी गल्ल्यांत वाटा शिकवल्या. बहुतेकांनी त्या शिकल्या, फक्त इतरांपेक्षा जास्त फेऱ्या लागल्या. पण शिकलेल्या वाटांवरून नवी जवळची वाट शोधा म्हटल्यावर ते थोड्यांनाच जमलं. शिकवणाऱ्याने यातून दोन्ही गोष्टी घ्यायच्या. वाट शिकता येते, तेव्हा ती शिकवायची. आणि ती बंद पडली तर ही मुलगी आपोआप दुसरी काढेल असं धरून चालायचं नाही. त्यासाठी काय करायचं, हेही वेगळं शिकवायचं.

२. एका बसप्रवासाचे तुकडे

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मार्क गोल्ड नावाचे संशोधक होते. बौद्धिक अक्षमता असलेल्या किशोरांना त्यांनी सायकलचा ब्रेक जोडायला शिकवलं. त्यात १५ सुटे भाग होते. हे काम त्या मुलांना जमेल असं तेव्हा कोणाला वाटत नव्हतं. १९७२ साली गोल्ड यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले: मुलं हे काम शिकली, आणि भागांवर रंगाची खूण केली की आणखी लवकर शिकली. गोल्ड यांचा आग्रह असा की विद्यार्थ्याला जमत नसेल तर शिकवण्याची रीत बदला. कामाचे इतके बारीक तुकडे करा की प्रत्येक तुकडा त्याच्या आवाक्यात येईल.

बसप्रवासाचे असे तुकडे पाडायला बसलं की आपल्यालाच नवल वाटतं. घरातून निघण्यापूर्वी पास, फोन, कार्ड तपासायचं. थांब्यापर्यंत चालायचं. योग्य थांब्यावर, योग्य बाजूला उभं राहायचं. येणाऱ्या गाड्यांतून आपली ओळखायची, हात करायचा. ती थांबल्यावर चढायचं, धरून उभं राहायचं, पास दाखवायचा. आपला थांबा ओळखायचा आणि तो येण्याआधी दाराकडे सरकायचं. पूर्ण थांबल्यावर उतरायचं. आपण हे सगळं बोलत बोलत करतो, म्हणून यांतलं प्रत्येक काम शिकवावं लागेल हे सुचत नाही.

सगळे तुकडे सारखे अवघड नसतात. पैशांचा तुकडा पास काढून जवळजवळ मिटवता येतो, आणि मिटवावा. पैसे मोजायला शिकेपर्यंत बसचं शिक्षण थांबवून ठेवणं हे मला नेहमी उलटं वाटत आलं आहे. खरी मेहनत दोन जागी लागते, बस ओळखण्यात आणि उतरण्याची जागा ओळखण्यात.

आधी बस ओळखणं. बेस्टच्या बसवर पुढे क्रमांक मराठी आकड्यांत लिहायची पद्धत आहे आणि बाजूला इंग्रजी आकड्यांत. आपली विद्यार्थिनी आकडे शिकली असते मोबाइलवर, म्हणजे इंग्रजीत. मराठी चार तिला इंग्रजी आठासारखा दिसतो आणि मराठी एक इंग्रजी नवासारखा. चार-एक-एक अशी बस समोर आली तर ती ठामपणे आठ-नऊ-नऊ वाचील, आणि तिचं काही चुकलेलंही नसेल. म्हणून आकडे वाचायला शिकवण्यापेक्षा जुळवायला शिकवावं. बसच्या पाटीचा जसाच्या तसा फोटो काढायचा, छापून कार्डावर चिकटवायचा. थांब्यावर ती कार्ड डोळ्यांसमोर धरते, अंगठ्याने पहिला आकडा दाबून ठेवते, समोरच्या पाटीकडे पाहते, मग अंगठा दुसऱ्या आकड्यावर सरकवते. तिसरा जुळेपर्यंत बस निघून जाते. पहिल्या आठवड्यात असं होणारच. जाऊ द्यावी. पाटी विजेची असेल तर अक्षरं सरकतात, मग मराठी आणि इंग्रजी दोन्ही फोटो लागतात. आणि त्याच मार्गावर धावणारी दुसरी कोणती बस तिला चालेल, हेही कार्डावर हवं.

आता उतरणं. खुणा निवडताना मोठी माणसं हटकून फसतात. नजरेत भरणारी खूण म्हणजे मोठं होर्डिंग. ते एका रात्रीत बदलतं आणि सकाळी मुलगी डेपोपर्यंत बसून राहते. रसवंतीगृह उन्हाळ्यापुरतं असतं. एखादी मुलगी स्वतःच खूण शोधते: रोज निळी पिशवी घेतलेले एक काका उतरतात, त्यांच्यामागून उतरायचं. काका रजेवर गेले की तिचा थांबा गेला. ती बरोबर उतरते आहे म्हणून आपण खूश असतो, ती कशाच्या आधारावर उतरते हे विचारतच नाही. म्हणून अधूनमधून विचारावं, "तुला कसं कळलं आता उठायचं?" बोलता येत नसेल तर बोट दाखवायला सांगावं. खूण हवी ती न हलणारी: उड्डाणपूल, पाण्याची टाकी, चर्च, देऊळ, पेट्रोलपंप. आणि एक खूण पुरत नाही, दोन लागतात. पहिली दिसली की उठायचं, दुसरी दिसली की उतरायचं.

या सगळ्या खुणा जून महिन्यात एकदम नाहीशा होतात. काचा बंद, त्यांवर वाफ, दुकानांपुढे निळी ताडपत्री. उन्हाळ्यात शिकलेली मुलगी पहिल्याच मुसळधार पावसात हरवते ती यामुळे. तेव्हा पावसातला प्रवास वेगळा शिकवायला हवा: दाराजवळ उभं राहायचं, बसमध्ये घोषणा होत असेल तर आपल्या थांब्याचं नाव ऐकायचं आणि कंडक्टरला सांगून ठेवायचं, "काका, पेट्रोलपंप आला की मला सांगा." हे एक वाक्य कोरडं आकाश असतानाच पाठ करून घ्यावं.

तुकडे पाडताना आणखी एक गोष्ट निसटते. परतीचा प्रवास हा जाण्याचाच उलटा प्रवास आहे असं आपण धरतो. तिच्या दृष्टीने तो वेगळाच असतो. थांबा रस्त्याच्या पलीकडे असतो, खुणा उलट्या क्रमाने येतात, देऊळ डावीकडच्या ऐवजी उजव्या खिडकीत दिसतं, गर्दी संध्याकाळची असते आणि ती स्वतः दमलेली असते. आणि रस्ता ओलांडावा लागतो. सगळ्या प्रवासात जिवाला धोका सर्वांत जास्त कुठे असेल तर तो ओलांडण्यात, बसमध्ये बसण्यात नव्हे. म्हणून वाट निवडताना वेळ थोडा जास्त लागला तरी चालेल, पण सिग्नल किंवा पादचारी पूल असलेली वाट घ्यावी. हिरवा माणूस दिसला तरी वळणारी मोटारसायकल थांबेलच असं नाही. 'दिवा पाहा, मग गाड्या पाहा, गाड्या थांबल्या तरच पाऊल' हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत पुढचं काही शिकवू नये.

३. शेवटाकडून सुरुवात

तुकडे झाले. आता ते कोणत्या क्रमाने तिच्या हाती द्यायचे? सरळ उत्तर वाटतं, पहिल्यापासून. पण पुष्कळदा शेवटापासून सुरुवात केलेली बरी. घरात मूल पोळ्या करायला कसं शिकतं ते आठवा. आधी त्याला तयार पोळीवर तूप लावायला देतात, मग तव्यावरची उलटायला, मग लाटायला आणि कणीक मळायला सगळ्यांत शेवटी. प्रत्येक दिवशी पोळी पूर्ण होते आणि शेवटचा हात मुलाचा असतो.

बसचंही तसंच करता येतं. पहिले काही दिवस आई किंवा शिक्षिका सगळा प्रवास तिच्याबरोबर करते, पण घराजवळच्या थांब्यावर उतरल्यावर शेवटची गल्ली मुलगी एकटी चालते. ते पक्कं झालं की उतरायचं कधी हेही ती ठरवते. मग पास दाखवणं, मग चढणं, मग बस ओळखणं. रोजचा प्रवास 'मी पोचले' इथेच संपतो. शिकणाऱ्याला याहून मोठं बक्षीस लागत नाही.

यात शिकवणाऱ्याचं सर्वांत कठीण काम म्हणजे गप्प राहणं. मदतीच्या पायऱ्या असतात. आधी नुसतं थांबायचं. मग विचारायचं, "आता काय?" मग खुणेकडे बोट दाखवायचं. त्यानेही नाही झालं तर बरोबर करून दाखवायचं. बहुतेक प्रेमळ माणसं शेवटच्या पायरीपासूनच सुरुवात करतात. बस दिसताच आई म्हणते, "आली बघ, चल चढ, सांभाळून, पास काढ." चारही कामं आईने केली, मुलीने फक्त पाय उचलले.

याहून सूक्ष्म अशी एक मदत असते आणि ती आपल्याला कळतही नाही. थांब्यावर अशा जोडीकडे नीट पाहिलं तर दिसतं की बस येते तेव्हा मुलगी बसकडे पाहतच नाही, ती पाहते शिक्षिकेच्या चेहऱ्याकडे. चुकीची बस असेल तर ताईंचा चेहरा निवांत असतो, बरोबर असेल तर त्यांच्या भुवया किंचित वर जातात, खांद्यावरची पर्स सावरली जाते. मुलगी ते अचूक वाचते. चेहरे वाचण्यात ती आपल्यापेक्षा तरबेज असते, कारण जन्मभर तिने तेच केलेलं असतं. सगळ्यांना वाटतं, बस ओळखायला शिकली. म्हणून शिकवणाऱ्याने लवकरात लवकर तिच्या मागे उभं राहावं, नजरेच्या बाहेर.

४. वर्गात शिकवावं की रस्त्यावर?

नॅन्सी नीफ, ब्रायन इवाता आणि टेरी पेज या अमेरिकी संशोधकांनी हा प्रश्न सत्तरच्या दशकात पडताळून पाहिला. १९७६ साली त्यांनी रस्ता ओलांडण्याचं शिक्षण वर्गातल्या रस्त्यांच्या प्रतिकृतीवर दिलं आणि ते खऱ्या चौकात उतरतं हे दाखवलं. १९७८ साली बस घेतली. प्रवासाचे पाच भाग केले: थांबा शोधणं, हात करणं, चढणं, बसून जाणं, उतरणं. बौद्धिक अक्षमता असलेल्या पाच जणांना हे वर्गात शिकवलं. प्रतिकृतीवर बाहुली चालवायची, चित्रफितीच्या चौकटी पाहून उत्तरं द्यायची, स्वतः प्रवासी होऊन करून दाखवायचं. दोघांना थेट शहराच्या बसमध्ये शिकवलं. बस दोन्ही गटांना आली, पण रस्त्यावरच्या शिकवणीला वेळ आणि पैसा बराच जास्त लागला. वर्गात शिकलेल्यांचं कौशल्य बारा महिन्यांनंतरही खऱ्या बसमध्ये टिकलेलं दिसलं.

हा निष्कर्ष आपल्या विशेष शाळांच्या फार कामाचा आहे, कारण एका शिक्षिकेमागे दहा-बारा मुलं असताना रोज एकेकाला बसमध्ये नेणं शक्य नसतं. खुर्च्या मांडून बस करा, एकाला कंडक्टर करा, बाकीच्यांना गर्दी करायला सांगा. तरीही आपल्याकडे तेवढ्यावर थांबता येत नाही असं माझं मत आहे. इथे काही गाड्यांना मागून चढायचं असतं, काहींना पुढून. बस थांब्याच्या अलीकडे थांबते, पलीकडे थांबते, कधी रस्त्याच्या मध्येच. एकाच नमुन्यावर शिकवलं तर मूल तो नमुना शिकतं. वर्गातल्या बसलाही म्हणून कधी मागून दार ठेवावं, कधी पुढून. आणि शेवटच्या फेऱ्या रस्त्यावरच व्हाव्यात.

५. बिघडलं तर काय?

सुरळीत प्रवास शिकवणं हे माझ्या मते अर्धं काम आहे. उरलेलं अर्धं काम बिघडलेल्या प्रवासाचं, आणि तेच बहुतेक वेळा राहून जातं. गणपतीत रस्त्यात मांडव पडतो आणि बस दुसऱ्याच गल्लीतून जाते. पास हरवतो. फोनची बॅटरी संपते. डुलकी लागते.

लोकलचं एक उदाहरण घेऊ. ठाण्याहून विक्रोळीला जाणारा एक तरुण धिम्या गाडीऐवजी जलद गाडीत चढला. बहुतेक जलद गाड्या विक्रोळीला थांबत नाहीत. विक्रोळी डोळ्यांदेखत मागे पडली. आपण असतो तर मनातल्या नकाशावरून म्हटलं असतं, पुढे घाटकोपर, तिथून उलट्या दिशेची धिमी घेऊ, पहिलंच स्टेशन विक्रोळी. त्याच्याकडे तो नकाशा नाही. त्याला दिसतं ते इतकंच की रोजचं स्टेशन आलं आणि गाडी थांबली नाही. अशा वेळी घाबरून दाराकडे धावणं हा सर्वांत मोठा धोका. म्हणून पहिला धडा: गाडी थांबेपर्यंत जागेवरून हलायचं नाही.

मग पुढे काय, यासाठी प्रत्येक संकटाचं वेगळं उत्तर पाठ करून घेणं व्यर्थ आहे. संकटं अगणित असतात. सगळ्यांना लागू पडणारा एकच क्रम शिकवावा: गाडी थांबली की उतर, बाजूला उभी राहा, फोन लाव, फोन लागला नाही तर गणवेशातल्या माणसाला कार्ड दाखव. कंडक्टर, पोलीस, स्टेशनवरचे कर्मचारी, तिकीट खिडकीवरची ताई यांचे गणवेश फोटोतून आणि प्रत्यक्षात ओळखीचे करून द्यावेत. कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहावं: मला बोलायला वेळ लागतो, मला अमुक ठिकाणी जायचं आहे, कृपया या नंबरवर फोन लावून द्या. घरचा पत्ता लिहू नये. कार्ड गळ्यात अडकवू नये, खिशात असावं. गळ्यातलं कार्ड मदत करणाऱ्याला दिसतं, तसं फसवणाऱ्यालाही दिसतं.

हा क्रम तोंडी सांगून येत नाही, तो घडवून आणावा लागतो. शिक्षिका मागच्या सीटवर असताना तिला मुद्दाम एक थांबा पुढे जाऊ द्यावं. चुकीच्या बसमध्ये बसू द्यावं. फोन बंद करून ठेवावा. आधी तिला सांगावं, "या आठवड्यात कधीतरी गडबड होईल, तेव्हा काय करशील?" यात फसवणूक नाही, सराव आहे. ज्या मुलीने चुकून उतरून, फोन करून, परत येऊन एकदा पाहिलं आहे, तिच्याबद्दल मला अधिक भरवसा वाटतो. शंभर वेळा बिनचूक गेलेल्या मुलीचं अजून काहीच ठरलेलं नसतं.

६. आईची भीती

ही भीती खोटी नाही, आणि ती उडवून लावणाऱ्या शिक्षकांवर पालकांनी विश्वास ठेवू नये. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुली आणि मुलगे दोघांनाही लैंगिक अत्याचाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तेव्हा हे सरळ शब्दांत शिकवायचं. अंगाला हात लावला तर मोठ्याने "नको, दूर व्हा" म्हणायचं. ओरडणं म्हणजे वाईट वागणं नव्हे, हेही सांगावं लागतं, कारण आजवर तिला गप्प बसण्याबद्दलच शाबासकी मिळालेली असते. बायकांच्या सीटकडे सरकायचं. कोणाबरोबरही वाट बदलायची नाही, तो ओळखीचा असला तरी.

याची परीक्षा प्रत्यक्ष घेतात. तिला न ओळखणारी, संस्थेच्या विश्वासातली एखादी व्यक्ती थांब्यावर येऊन गोड बोलते: "तुझ्या आईने मला पाठवलंय, चल माझ्याबरोबर." मुलगी निघाली तर आणखी शिकवायचं, पुन्हा काही दिवसांनी दुसऱ्या व्यक्तीला पाठवायचं. जोवर ती नकार देऊन जागच्या जागी उभी राहत नाही तोवर एकटीला सोडायचं नाही, बाकी सगळं कितीही छान येत असलं तरी. या एका बाबतीत मी सवलत देणार नाही.

अमेरिकेतले रॉबर्ट पर्स्की यांनी १९७२ साली एका लेखात मांडलं की अक्षमता असलेल्या माणसाला प्रत्येक धोक्यापासून दूर ठेवलं तर त्याची माणूस म्हणून असलेली प्रतिष्ठाही हिरावली जाते. मला त्यात आणखी एक दिसतं. कायम कोणाच्या तरी सोबतीने फिरलेल्या माणसाने नकार देण्याचा सराव कधी केलेलाच नसतो. आणि सोबत करणारी आई एक दिवस थकणारच असते.

म्हणून सोबत एकदम काढायची नाही, थोडी थोडी विरळ करायची. शेजारच्या सीटवरून मागच्या सीटवर, मग बसच्या दुसऱ्या टोकाला. मग चढताना सोडायचं आणि उतरण्याच्या थांब्यावर वाट पाहायची. मग नुसता पोचल्याचा फोन. कोणती पायरी कधी, हे तारखेवरून ठरवू नये, तिच्या पक्केपणावरून ठरवावं. फोनवरून ती कुठे आहे हे नकाशावर पाहता येतं. सुरुवातीला त्याचा आधार जरूर घ्यावा, पण तिला सांगून. बावीस वर्षांच्या मुलीवर दिवसभर नजर ठेवायची तर तिची परवानगी लागते, हे आपण आपल्या इतर मुलांच्या बाबतीत मान्य करतोच.

७. हे काम कोणाचं?

अमेरिकेच्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात एका जागेहून दुसऱ्या जागी सुरक्षित जाण्याचं शिक्षण हा शिक्षणाचाच भाग धरला आहे. म्हणजे गरज असेल तर ते शाळेने द्यायचं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या दिव्यांग हक्क करारात स्वतंत्रपणे ये-जा करण्याचा हक्क आणि त्यासाठीचं प्रशिक्षण यांचा उल्लेख आहे आणि भारताने २००७ साली त्या कराराला मान्यता दिली. आपल्याकडे चांगल्या शाळा हे शिकवतातही, पण एखाद्या उत्साही शिक्षिकेच्या बळावर. ती बदलून गेली की ते थांबतं.

सवलतींमागचा विचारही अजून सोबतीतच अडकलेला आहे. रेल्वेच्या सवलतींच्या यादीत बौद्धिक अक्षमता असलेला प्रवासी हा सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारा असाच धरला गेला आहे आणि सवलत दोघांना मिळते. ज्यांना सोबत लागते त्यांच्यासाठी ती मोठी मदत आहे, ती राहायलाच हवी. पण एकट्याने जायला शिकलेल्या माणसाचा त्यात विचार नाही. ज्याने सर्वांत जास्त कष्ट घेतले त्यालाही सवलत मिळावी, एवढी दुरुस्ती व्हायला हवी.

८. आपण शेजारच्या सीटवर असू तेव्हा

या मुलीच्या प्रवासात अनोळखी माणसांचा वाटा मोठा असतो. त्यांतले एक आपण असू शकतो. तिने काही विचारलं तर एका वेळी एकच गोष्ट सांगावी, आणि सांगून झाल्यावर थोडं थांबावं. उत्तर यायला वेळ लागतो. तेच वाक्य मोठ्याने म्हटल्याने तो कमी होत नाही. "तुझ्याबरोबर कोण आहे?" असं विचारण्याऐवजी "कुठे उतरायचंय?" असं विचारावं. दंड धरून दाराकडे नेऊ नये. ती अंगाला हात लावू न देण्याचं शिकून आली आहे आणि ओरडली तर बरोबरच ओरडेल. "मी सोडते तुला घरी" असंही म्हणू नये, हेतू कितीही चांगला असला तरी. तिने कार्ड दिलं तर ते पूर्ण वाचावं, नंबर लावून फोन तिच्याच हातात द्यावा, आणि बोलणं होईपर्यंत तिथेच उभं राहावं. तिची बस चुकली असेल तर पुढची किती वेळाने आहे ते सांगावं.